जंतूंचे आवरण आणि प्रकाशाची साक्ष

घरातील एखाद्या व्यक्तीला मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला की डॉक्टर लघवीचे ‘कल्चर’ करावयास सांगतात. नमुना आज दिला तर अहवाल साधारणपणे दोन-तीन दिवसांनी हाती येतो. तोपर्यंत ताप, जळजळ आणि घरच्यांची काळजी चालूच असते. साहजिकच प्रश्न पडतो : रक्तातील साखर मिनिटभरात कळते, मग एका जंतूचे नाव कळण्यास इतका वेळ का लागावा?

याचे कारण असे की, जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसले तरी अनेक जाती एकमेकींसारख्याच दिसतात. म्हणून त्यांना पोषक माध्यमावर ठेवून, ऊबदार पेटीत रात्रभर वाढवावे लागते. वाढलेल्या वसाहतींवरून त्यांची जात ठरते आणि कोणत्या औषधाला ते दाद देतात हे पाहण्यासाठी आणखी एक रात्र जाते. मधल्या काळात डॉक्टर अनुभवाच्या आधारे प्रतिजैविक निवडतात. बहुधा ती निवड बरोबर ठरते. परंतु ती चुकली तर रुग्णाचे दोन दिवस वाया जातात आणि औषधाला पुरून उरणाऱ्या जंतूंना वाढण्यास मोकळीक मिळते.

जंतूला त्याच्या बाह्य आवरणावरूनच ओळखता येईल का, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अनेक दशके खुणावीत आला आहे. त्यासाठी त्यांनी हाती घेतलेले साधन आहे वर्णपटविज्ञान. प्रकाश किंवा किरण एखाद्या पदार्थावर सोडावयाचे, परत येताना त्यांच्यात काय बदल झाला हे मोजावयाचे आणि त्यावरून पदार्थाची घडण ओळखावयाची, असे हे शास्त्र. आजच्या सदरात या तपासाची ओळख करून घेऊ आणि त्यातून घरच्या आरोग्यासाठी काय शिकावयाचे तेही पाहू.

सारे व्यवहार आवरणावरच

आतड्यात नेहमी आढळणारा ‘ई. कोलाय’ हा जिवाणू लांबीने एक ते दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग किंवा त्याच्या दुप्पट असतो. त्याच्या आवरणाची जाडी त्याहूनही कितीतरी कमी. ती नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावी लागते. परंतु जिवाणूचा बाह्य जगाशी येणारा पहिला संबंध याच आवरणाद्वारे येतो. आपल्या आतड्याच्या पेशीला चिकटावयाचे ते आवरणाने. आपल्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखतात त्या आवरणावरून. औषधाला आत शिरावयाचे तर वाट आवरणातूनच.

१८८४ मध्ये हान्स क्रिस्तिआन ग्राम या डॅनिश वैद्याने बर्लिनमध्ये काम करीत असताना जिवाणूंना रंग देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. काही जिवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, तर काहींचा रंग मद्यार्काने धुतला जातो. आजही आपल्या अहवालांत ‘ग्राम पॉझिटिव्ह’ व ‘ग्राम निगेटिव्ह’ हे शब्द दिसतात ते त्यामुळेच. या फरकाचे मूळ आवरणाच्या रसायनात आहे. पहिल्या गटाच्या जिवाणूंभोवती शर्करा व अमिनो आम्लांच्या साखळ्यांनी विणलेली जाड भित्ती असते. दुसऱ्या गटात ही भित्ती पातळ असते आणि तिच्या बाहेर स्निग्ध पदार्थांचे आणखी एक पटल असते. त्या पटलातून शर्करांच्या लांब साखळ्या बाहेर डोकावत असतात. दोन्ही गटांत आवरणावरील फॉस्फेट व कार्बॉक्सिल या रासायनिक गटांमुळे जिवाणूचा पृष्ठभाग सामान्यतः ऋण विद्युतभारित असतो. ही लहानशी बाब पुढे फार महत्त्वाची ठरणार आहे.

शर्करेचा अंगरखा

आवरणावर जीवन-मरणाचा निर्णय कसा अवलंबून असतो, हे फ्रेडरिक ग्रिफिथ या इंग्रज वैद्याने १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसते. न्यूमोनियाला कारण होणाऱ्या न्यूमोकोकस जिवाणूचे दोन प्रकार त्यांनी वापरले. एकाच्या वसाहती गुळगुळीत, कारण त्याच्याभोवती बहुशर्करेचे संपुट होते. दुसऱ्याच्या खडबडीत, कारण त्याला संपुट नव्हते. संपुट असलेला जिवाणू उंदरांना मारक ठरे. संपुट नसलेला निरुपद्रवी ठरे. शर्करेचा अंगरखा ल्यालेल्या जिवाणूला पांढऱ्या पेशी सहजासहजी गिळू शकत नाहीत, हे त्यामागचे कारण. ग्रिफिथ यांच्या त्या प्रयोगांनी पुढे आनुवंशिकतेच्या शोधाचीही वाट दाखविली. तो विषय वेगळा.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की याच शर्करेवर आधारलेल्या लसी आज आपल्या मुलांचे रक्षण करीत आहेत. न्यूमोकोकसचे शंभराहून अधिक उपप्रकार ज्ञात आहेत आणि त्यांच्यातील भेद संपुटातील शर्करेच्या रचनेचा आहे. लशीत त्यांपैकी प्रमुख उपप्रकारांच्या शर्करा घेतात. मात्र दोन वर्षांखालील बालकांचे शरीर नुसत्या शर्करेला नीट प्रतिसाद देत नाही. म्हणून ती शर्करा एका प्रथिनाला जोडतात. अशा लशीला ‘संयुग्म लस’ म्हणतात. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात न्यूमोकोकसची संयुग्म लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत दिली जाते. पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटने अशी एक लस विकसित केली आहे.

विषमज्वराची, म्हणजे टायफॉइडची संयुग्म लसही याच तत्त्वावर बेतलेली आहे. त्या जिवाणूच्या अंगावर ‘व्हीआय’ नावाचे शर्करेचे आवरण असते आणि तेच लशीत वापरले जाते. २०१८ मध्ये नवी मुंबई महानगरपालिकेने ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी या लशीची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक यंत्रणेने ही लस मोठ्या प्रमाणावर वापरण्याच्या जगातील आरंभीच्या प्रयत्नांत तिची गणना होते.

प्रकाश कसा वाचतो?

ग्रिफिथ यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, २८ फेब्रुवारी १९२८ रोजी, कलकत्त्यात सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत एक शोध लागला. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला असता विखुरलेल्या प्रकाशात अगदी अल्प प्रमाणात निराळ्या रंगाचा प्रकाशही आढळतो. पदार्थातील रेणू सतत कंप पावत असतात. प्रकाशकण त्या कंपनाशी ऊर्जेची देवघेव करतो आणि त्यामुळे त्याचा रंग बदलतो. प्रत्येक रासायनिक बंधाचे कंपन ठरावीक असल्याने बदललेल्या रंगावरून तो बंध ओळखता येतो. या शोधासाठी रामन यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २८ फेब्रुवारी हा दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा करतो.

तबला आणि घटम् समोर न पाहताही आपण नादावरून ओळखतो, तसेच काहीसे येथे घडते. शर्करा, प्रथिन आणि स्निग्ध पदार्थ यांचा ‘नाद’ वेगवेगळा असतो. अडचण एवढीच, की हा नाद अतिशय क्षीण असतो. सुमारे एक कोटी प्रकाशकणांतून एखादाच रंग बदलून येतो. यावर १९७० च्या दशकात एक उपाय सापडला. पदार्थ चांदीच्या किंवा सोन्याच्या खडबडीत पृष्ठभागाला लागून असेल, तर हा संदेश कितीतरी पटींनी वाढतो. ही वाढ धातूपासून काही नॅनोमीटरच्या अंतरापर्यंतच होते. त्यामुळे चांदीचे अतिसूक्ष्म कण जिवाणूला चिकटविले, तर मुख्यतः त्याच्या आवरणाचीच माहिती मिळते.

दुसरा मार्ग अवरक्त किरणांचा. प्रत्येक प्रकारचा बंध ठरावीक अवरक्त किरण शोषून घेतो. सेंटिमीटरमागे ९०० ते १२०० तरंगांच्या पट्ट्यात शर्करा प्रामुख्याने व्यक्त होतात, तर १६५० च्या आसपास प्रथिने. १९९१ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की अशा वर्णपटांवरून जिवाणूंच्या जाती-उपजाती वेगळ्या ओळखता येतात. आज काही ठिकाणी या पद्धतीचा उपयोग रुग्णालयातील साथीचा माग काढण्यासाठी होतो. अतिदक्षता विभागातील चार रुग्णांत एकाच जातीचा जिवाणू आढळला, तर तो एकाकडून दुसऱ्याकडे गेला की प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणला, हे आवरणावरील शर्करांच्या बारीक भेदांवरून समजण्यास मदत होते. उत्तर पहिले असेल तर हात धुण्याच्या व उपकरणे निर्जंतुक करण्याच्या पद्धतीत कोठे उणीव आहे, हे शोधणे भाग पडते.

तिसरा मार्ग क्ष-किरणांचा. क्ष-किरण पृष्ठभागावर पडले की अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा मोजली असता तेथे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फॉस्फरस यांपैकी काय आहे व ते कोणत्या बंधात गुंतलेले आहे, हे कळते. या पद्धतीच्या विकासासाठी स्वीडनचे काय सीगबान यांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. खोलवरचे इलेक्ट्रॉन बाहेर येईपर्यंत ऊर्जा गमावतात, म्हणून ही पद्धत सुमारे दहा नॅनोमीटरपर्यंतच्या वरच्या थराचीच बातमी देते. जिवाणूचे बाह्य आवरण नेमके याच मापाचे आहे.

परंतु त्यासाठी नमुना निर्वात कक्षात ठेवावा लागतो आणि जिवाणूत तर बहुतांश पाणीच. निर्वातात ते उडून गेले की आवरण विस्कटते. स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनी नमुना झटकन गोठवून, गोठलेल्या अवस्थेतच तपासण्याची रीत विकसित केली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कामात जिवाणूच्या आवरणातील कार्बनच्या वर्णपटाची तीन भागांत उकल केलेली आहे : स्निग्ध पदार्थ किती, शर्करा किती आणि प्रथिनांसारख्या साखळ्या किती. जिवाणूने आपले आवरण बदलले, तर तो बदल या प्रमाणांत दिसतो.

आवरण बदलणारे जंतू

जिवाणू खरोखरच आवरण बदलतात काय? होय, आणि हीच चिंतेची बाब आहे. कोलिस्टिन नावाचे एक जुने प्रतिजैविक आहे. मूत्रपिंडांना इजा होण्याच्या भीतीने ते एकेकाळी मागे पडले होते. परंतु इतर औषधांना न जुमानणारे जंतू वाढले, तेव्हा अतिदक्षता विभागांत त्याला शेवटच्या फळीतील औषध म्हणून परत बोलवावे लागले. कोलिस्टिनचा रेणू धन विद्युतभारित असतो. वर सांगितल्याप्रमाणे जिवाणूचे आवरण ऋणभारित असते. या आकर्षणामुळे औषध आवरणाला बिलगते आणि ते फोडते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये चीनमधून एक अहवाल आला. काही जिवाणू आपल्या आवरणातील स्निग्ध रेणूला एक लहानसा रासायनिक गट जोडतात. त्यामुळे आवरणाचा ऋणभार कमी होतो आणि कोलिस्टिनला पकड मिळत नाही. हे कसब ज्या जनुकामुळे साधते ते जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकते. असे जिवाणू डुकरांत, बाजारातील मांसात आणि रुग्णांतही आढळले. पशुपालनात कोलिस्टिन सर्रास वापरले गेल्यामुळे अशा जिवाणूंना अनुकूल परिस्थिती मिळाली, असा निष्कर्ष त्यातून पुढे आला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता, कोंबड्यांकरिता व मत्स्यपालनाकरिता कोलिस्टिनचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली.

आवरणावरील एका लहानशा गटाने शेवटचे औषध निकामी होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आवरणाचे रसायन वाचण्याची धडपड प्रयोगशाळेबाहेरही किती मोलाची आहे, हे पटेल.

आज कोठवर आलो आहोत?

२०१९ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी रुग्णांत नेहमी आढळणाऱ्या ३० प्रकारच्या जंतूंचे रामन वर्णपट संगणकाला शिकविले. क्षीण वर्णपटावरूनही नेमका प्रकार ओळखण्यात संगणकाला ८२ टक्क्यांहून अधिक यश आले. कोणत्या प्रतिजैविकाच्या गटात तो जंतू मोडतो, हे सांगण्यात यशाचे प्रमाण सुमारे ९७ टक्के होते. आकडे आशादायक आहेत. तथापि हे प्रामुख्याने प्रयोगशाळेत वाढविलेल्या जंतूंवरचे काम आहे. रुग्णाच्या रक्तात कित्येकदा प्रत्येक मिलिलिटरमागे मोजकेच जंतू असतात आणि त्यांच्याभोवती अब्जावधी रक्तपेशी. त्या गर्दीतून जंतूचा क्षीण नाद ऐकणे अजून अवघड आहे.

मोठ्या रुग्णालयांत आज ‘माल्डी-टॉफ’ नावाचे यंत्र वापरतात. ते जंतूतील प्रथिनांचे वस्तुमान मोजून काही मिनिटांत त्याची जात सांगते. तेथेही बहुधा वसाहत आधी वाढवावीच लागते आणि औषधाची चाचणी वेगळी करावी लागते. तात्पर्य, कल्चरला अद्याप पर्याय नाही. एका झोतात शरीरातील सर्व जंतू ओळखून देतो, असा दावा करणारे एखादे यंत्र कोणी शिबिरात अथवा जाहिरातीत दाखविले, तर त्यावर पैसे खर्च करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आपल्या हाती काय?

पहिली गोष्ट नमुन्याची. डॉक्टरांनी कल्चर सांगितले असेल तर प्रतिजैविकाची पहिली मात्रा घेण्यापूर्वी नमुना द्यावा. औषध पोटात गेल्यावर जंतू नीट वाढत नाहीत आणि अहवाल फसवा येऊ शकतो. लघवीचा नमुना देताना भाग स्वच्छ धुवावा, सुरुवातीची धार सोडून मधली धार प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरावी आणि दोन तासांच्या आत ती पोहोचवावी. मात्र रुग्ण अत्यवस्थ असेल, शुद्ध हरपत असेल, श्वास जोरात चालत असेल, तर नमुन्यासाठी घरी थांबू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे; तेथे रक्ताचा नमुना घेऊन लगेच औषध सुरू करतात.

दुसरी गोष्ट सर्दी-पडशाची. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांना लागला तोही १९२८ मध्येच. हे औषध जिवाणूची भित्ती बांधली जाण्यात अडथळा आणते. सर्दी किंवा फ्लूच्या विषाणूला अशी भित्तीच नसते. जे नाहीच ते औषध मोडणार कसे? म्हणून साध्या सर्दीसाठी प्रतिजैविकाचा आग्रह धरू नये, मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत आणि शेजाऱ्यांनाही देऊ नयेत.

तिसरी गोष्ट लसीकरणाची. बाळाच्या लसीकरण पत्रिकेतील न्यूमोकोकसच्या मात्रा पूर्ण झाल्या आहेत का, हे आजच पाहावे. टायफॉइडच्या लशीविषयी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. लशीने आजार टळला की प्रतिजैविकाची गरजही टळते.

चौथी गोष्ट अगदी घरगुती. दात किडविणारा जिवाणू साखरेपासून एक चिकट बहुशर्करा तयार करतो आणि तिच्या आधाराने दातांवर थर रचतो. हा थर नुसत्या चुळा भरून निघत नाही. तो ब्रशने घासूनच काढावा लागतो. मुलांना रात्री झोपण्यापूर्वी दात घासण्याची सवय लावावी आणि त्यानंतर गोड दूध अथवा खाऊ देऊ नये. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनीही हेच तत्त्व ध्यानी ठेवावे. लेन्सवर जंतूंचा थर साचू नये यासाठी ती नेमून दिलेल्या द्रावणात हलकेच चोळून धुवावी आणि तिला नळाचे पाणी लावू नये.

जंतूंचे आवरण वाचणारी यंत्रे एक ना एक दिवस जिल्ह्याच्या रुग्णालयात येतील आणि कल्चरचे दोन दिवस काही तासांवर येतील, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. पण त्या अहवालात ‘या जंतूवर हे औषध चालेल’ असे लिहिता यावे, यासाठी चालणारे औषध तोवर शिल्लक राहिले पाहिजे. ते शिल्लक ठेवण्याचे काम यंत्रांना जमणार नाही. ते प्रत्येक घरातील औषधांच्या डबीपाशी आपल्यालाच करावयाचे आहे.